काय केलंस ते सांग

आमच्या शाळेत ‘सॉरी’ या शब्दाला मार्थाबाईंनी कधी थारा दिला नाही. पोरं एकमेकांच्या डोक्यात पट्ट्या घालत, वेण्या ओढत, डबे पळवत, आणि पकडली गेली की दोन्ही कान धरून ‘सॉरी बाई’ म्हणत मोकळी होत. आम्ही बाकीच्या शिक्षिका तेवढ्यावर सोडून देत असू. मी तर लगेच सोडायची, कारण मला धडा उरकायचा असायचा. मार्थाबाई मात्र चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, “सॉरी ऱ्हाऊ दे. काय केलंस ते सांग.”

“चुकलं बाई.”

“काय चुकलं?”

“भांडण केलं.”

“भांडण दोघं करत्यात. तू काय केलंस?”

मग बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरून झाल्यावर आतलं बाहेर यायचं. “मी हिच्या डब्यात खडूची भुकटी टाकली.”

“हां. आता हिच्याकडं बघून सांग.”

तिच्याकडे बघून सांगितलं की संपलं. बाई शिक्षा करत नसत, घरी कळवत नसत आणि ती गोष्ट पुन्हा कधी काढत नसत. दुसऱ्या कुणी काढली तर त्याच्यावर डाफरायच्या. एकच अट होती, हे सगळं शाळा सुटायच्या आत व्हायला पाहिजे. भांडण घेऊन घरी जायचं नाही.

हा नियम त्या मोठ्यांनाही लावायच्या. एकदा ऑफिसातल्या ढालींच्या कपाटाची काच फुटली आणि हेडमास्तरांनी आमच्या शिपाई गयाबाईंना सगळ्यांदेखत नको ते सुनावलं. दुपारी कळलं की काच मांजरानं उडी मारून फोडली होती. हेडमास्तर गयाबाईंना म्हणाले, “जाऊ द्या हो, झालं ते झालं.” शेवटचा तास सुरू व्हायच्या बेताला मार्थाबाई ऑफिसात गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, शाळा सुटायला थोडाच वेळ राहिलाय.” हेडमास्तर आधी हसले, मग चिडले आणि मग उठून व्हरांड्यात आले. “गयाबाई, मी न बघता तुमच्यावर आळ घेतला,” असं त्यांनी चांगलं ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. गयाबाई इतक्या घाबरल्या की त्यांनीच हात जोडले.

मला हे प्रकरण झेपणारं नव्हतं. माझी थोरली जाऊ माझ्या बाळंतपणात जे बोलली, ते मी अजून नीट घडी घालून जपून ठेवलं आहे, आणि टाकून द्यायचा माझा काही विचार नाही. मार्थाबाईंना हे ठाऊक होतं. अधूनमधून त्या विचारायच्या, “वर्षा, जावेचं काय झालं?” मी म्हणायची, “तिथंच हाय.” त्या मान हलवून डबा उघडायच्या.

डबा उघडायची त्यांची एक पद्धत होती. आधी मान खाली घालून दोन शब्द प्रार्थना, मग झाकण. मी एकदा म्हटलं, निदान बघा तरी आत काय आहे. म्हणाल्या, “आधी आभार, मग झाकण. उलटं केलं तर भाजी बघून आभार कमीजास्त होत्यात.” त्या भूगोल शिकवायच्या. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना सगळे किनाऱ्यापासून सुरू करतात, बाई आधी मांजरा नदी काढायच्या आणि तिच्याभोवती उरलेलं राज्य बसवायच्या. कधीकधी कोकणाला जागा कमी पडायची. “लातूरच्या पोरांनी आधी घरचं पाणी बघावं,” एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं असायचं.

त्यांचे यजमान लवकर गेले. मुलगा एकच, सुहास. तो निलंग्याला वीज कंपनीच्या ऑफिसात होता आणि तिथल्याच कल्पना नावाच्या लिंगायत मुलीशी त्यानं लग्न केलं. लग्न मंगल कार्यालयात, अक्षता टाकून झालं. आम्ही सगळा स्टाफ टेम्पोनं गेलो होतो. बाईंचे थोरले भाऊ येशुदासदादा मात्र आले नाहीत.

दादा म्हणजे त्यांच्या चर्चच्या पंचांमधला शेवटचा शब्द. उंच, ताठ, पांढरा सदरा आणि वरच्या खिशाला किल्ल्यांचा जुडगा. चर्चच्या दाराची, बाजाच्या पेटीच्या कपाटाची आणि गावाबाहेरच्या दफनभूमीच्या फाटकाची, अशा सगळ्या किल्ल्या त्यांच्याजवळ. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, बदलून जात, दादा तिथंच असत. लग्नाबद्दल ते एवढंच म्हणाले होते की पोरगा मंडळीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, गेला. बाईंनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. “जेवायला तरी यायचं होतं दादानं. बुंदी चांगली होती.”

खरं तर सुहास कुठंच गेला नव्हता. दर नाताळला तो कल्पनाला घेऊन लातूरला यायचा आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. बाई हे आम्हाला करंज्या वाटताना सांगायच्या. दादा पहिल्या बाकावर बसत आणि मागं वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

सुहास एका सकाळी गेला. ऑफिसला निघताना छातीत कळ आली, लातूरला आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी बाईंच्या घरी पोचले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत होत्या. पाळकसाहेब कुठल्याशा सभेला नांदेडला गेलेले, त्यांचा फोन लागेना. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली दादांकडे होती आणि दादा अजून आले नव्हते.

“वर्षा, चल माझ्यासंगं,” बाई म्हणाल्या.

दादांचं घर मागच्याच गल्लीत होतं. ते ओट्यावर उभे होते, जणू आमची वाटच बघत होते. बाई खाली रस्त्यावरच थांबल्या.

“दादा, फाटक उघडायला पाहिजे.”

“मार्था,” दादा म्हणाले. आवाज चढा नव्हता. “त्याचं लग्न आपल्यात झालं न्हाई. तो आपल्या पायानं बाहेर गेलाय. उद्या लोक म्हणतील, दुसऱ्यांना नियम दाखवतो अन् भाच्यासाठी येशुदासनं कुलूप काढलं.”

“दादा, तुझा भाचा हाय तो.”

“म्हणून तर,” दादा म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मला इतका संताप आला की मी ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला. बाईंनी माझं मनगट धरून मला मागं ओढलं. घरी परत येईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नव्हतं.

प्रश्न सोडवला कल्पनाच्या वडिलांनी. ते शिवलिंगप्पा, निलंग्याजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. उपरणं तोंडाला लावून बसले होते, ते उठून म्हणाले, “बाई, कशाला कुणाच्या दारात जायचं? आमच्या शेतात चला. आमच्यातबी मातीच देत्यात. आमची मान्सं समदी तितंच हायेत.”

तशी गाडी निलंग्याकडं वळली. शेताच्या कडेला, बोरीच्या झाडाजवळ त्यांच्या घराण्यातली माणसं पुरलेली होती. खड्डा तयार होता. शिवलिंगप्पांनी बाईंजवळ येऊन अगदी हळू विचारलं, “बसवायचं का निजवायचं?” लिंगायतांमध्ये माणसाला बसवून माती देतात. खड्डा त्यांच्या रीतीनं खोदलेला होता.

बाई खड्ड्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, “निजवा. आमच्यात निजवत्यात.”

लोकांनी पुन्हा कुदळी घेतल्या आणि खड्डा लांब केला. ते होईपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे होतो. प्रार्थना बाईंनीच केली, वर्गात हजेरी घेतात त्याच आवाजात. मामाच्या हातची माती पडायची होती ती पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब धावत आले. ते रडले. मी असतो तर फाटक उघडलं असतं, असा कुठलाच नियम नाही, तुम्ही म्हणाल तर आपण त्याला इकडे आणू, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, “निजलेल्याला उठवायचं न्हाई.”

बाई शाळेत परत आल्या. मांजरा नदी पहिल्यासारखी काढायच्या, डब्याआधी मान खाली घालायच्या, वह्या वेळेत तपासून द्यायच्या. एक गोष्ट तेवढी बदलली. पोरं भांडली, कान धरून ‘सॉरी बाई’ म्हणाली, की बाई म्हणायच्या, “बरं. जा.” पोरं क्षणभर थांबायची, पुढचा प्रश्न येईल म्हणून. तो यायचा नाही. मला ते बघवत नव्हतं.

त्यानंतरच्या एका नाताळला मी त्यांच्याबरोबर चर्चला गेले होते. उपदेश झाला आणि प्रभुभोजन सुरू झालं. म्हणजे पाळकसाहेब भाकरीचे छोटे तुकडे आणि द्राक्षारसाचे पेले देतात, लोक रांगेनं पुढं जाऊन गुडघे टेकून ते घेतात. आमच्या बाकावरच्या सगळ्या बायका उठल्या. बाई उठल्या नाहीत. बायकांनी जाताना आपापल्या पर्सेस त्यांच्या मांडीवर ठेवल्या, रोजची रीत असावी तशा. पलीकडे दादा ताठ चालत पुढं गेले आणि घेऊन परत आले.

बाहेर पडल्यावर मी विचारलं. चालता चालता त्या म्हणाल्या, “मनात कुणाबद्दल अढी धरून त्या ताटाला हात लावायचा न्हाई. आधी मिटवायचं, मग यायचं.”

“मग दादा कसे जातात?”

“त्याच्या मनात काही न्हाई. त्यानं नियम पाळला.”

“तर मग तुम्हीही घ्या की. कोण बघतंय?”

“ज्याचं ताट हाय तो बघतोय,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी म्हणते मी, देवा, सोडलं. खरंच म्हणते. दुपारी डबा उघडला की परत तिथंच असतंय. येशूनं खिळे मारणाऱ्यांना सोडलं, मला एक भाऊ सुटंना.” हे सगळं त्या भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होत्या. “त्यानं एकदा येऊन सांगावं, वर्षा. सॉरीबिरी नको. काय केलं ते सांगावं. पुढचं मी बघते.”

दादा आले नाहीत. पाठीला पाठ लावलेल्या दोन गल्ल्यांत बहीण-भाऊ राहत होते, दर रविवारी एकाच छपराखाली बसत होते आणि असं बरीच वर्षं चाललं. ईस्टरच्या पहाटे त्यांची सगळी मंडळी दफनभूमीत जमते, आपापल्या माणसांच्या कबरी धुते, फुलं वाहते, मेणबत्त्या लावते. बाई त्या पहाटे पिशवीत मेणबत्त्या घेऊन एकट्या निलंग्याच्या एसटीत बसायच्या.

मग दादांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांची बायको आधीच वारली होती, मुलगा पुण्याला, करायला एक बाई ठेवलेली. ही बातमी पाळकसाहेबांनी फोनवर सांगितली तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये होतो. बाईंनी फोन टेबलावर ठेवला.

“आता तो सांगणार कसा?” त्या म्हणाल्या.

त्या लगेच गेल्या नाहीत. बरेच दिवस गेले नाहीत, आणि त्यांच्या मंडळीत त्यावर कुजबुज झाली. मला ते बरोबरच वाटत होतं. मी असते तर कधीच गेले नसते. एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, आणि बाई छत्री घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “स्कूटी काढ. दादाकडं जायचंय.”

दादांचा पलंग पुढच्या खोलीत हलवलेला होता. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बाईंना बघून त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, शब्द निघाला नाही. डावा हात उशीखाली गेला, चाचपडला आणि किल्ली घेऊन बाहेर आला. जुडग्यातून काढलेली एकच किल्ली होती, तांबड्या दोऱ्यातली. ती त्यांनी बाईंच्या पुढं धरली. मी दाराशीच थांबले.

“हिचं आता काय करू दादा?” बाई म्हणाल्या. “आमचं माणूस तिकडं निजलंय.”

हात खाली येईना. पुन्हा तो आवाज निघाला. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बाईंनी खुर्ची ओढली. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि नाकावर खाली ओढला. तो चष्मा तसा ओढलेला मी सुहास गेल्यापासून बघितला नव्हता.

“तुला सांगता येईना,” त्या म्हणाल्या. “मी सांगते, तू ऐक. सुहास मेला तवा मी तुझ्या दारात उभी होते. किल्ली तुझ्यापाशी होती. तू कुलूप काढलं न्हाईस. लोक काय म्हणतील म्हणून काढलं न्हाईस. अन् त्याच्या मातीला आला न्हाईस. हे तू केलंस. बराबर का?”

दादांनी डोळे मिटले आणि मान हलवली. नीट हलेना, म्हणून परत हलवली.

“बराबर,” बाई म्हणाल्या. “सोडलं मी. आता हे मीबी काढणार न्हाई.”

किल्ली घेऊन त्यांनी पर्समध्ये टाकली आणि दादांचं करणाऱ्या बाईला विचारलं, पेज पाजली का. नव्हती पाजली. मग चमच्यानं पाजली, हनुवटीवरून ओघळली ती पुसली, आणि पेज जरा पातळ करत जा असं बजावलं. आम्ही निघालो.

माझ्याच्यानं राहवलं नाही. गाडीवर मान मागं करून विचारलं, “कसं वाटतंय बाई?”

“काही वाटंना.”

“हलकं वगैरे?”

“न्हाई गं. मलाबी वाटलं होतं, वाटंल. रडू येईल म्हणून जास्तीचा रुमाल आणला होता. कोराच ऱ्हायला.”

“मग सोडलं कशावरून?”

“त्याला सांगितलं की तोंडानं. सांगितलेलं परत मागायला जायचं न्हाई, एवढंच हाय ते. इतकी वर्षं मी वाटायची वाट बघत बसले. वाटलं की सोडू, म्हणत.” थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, “पुढं खड्डा हाय, बघ.”

त्यानंतर त्या रोज शाळा सुटली की दादांकडे जायला लागल्या. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब आजाऱ्याला घरीच प्रभुभोजन द्यायला आले, त्या दिवशीही मी होते. बाईंना सोडायला गेले होते, थांबले. पाळकसाहेबांनी स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं, प्रार्थना केली, भाकरीचा कण द्राक्षारसात भिजवून दादांच्या तोंडात घातला. करणाऱ्या बाईला दिलं, ती त्यांच्याच मंडळीतली होती. मग मार्थाबाईंपुढून त्यांनी सवयीनं ताट मागं घेतलं आणि ते फडक्याखाली झाकायला लागले.

“पाळकसाहेब,” बाई म्हणाल्या, “मी राहिले.”

पाळकसाहेबांचे हात थांबले. त्यांनी फडकं परत उघडलं. बाईंनी दोन्ही हात पुढं केले, गुडघे टेकले, घेतलं. पलंगावर दादांचा डावा हात चादरीवर काहीतरी शोधत होता. मला एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही. माझा ना तो देव, ना ते ताट. बाईंचा चेहरा होता तसाच होता. बाहेर आल्यावर मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, “तुकडा कोरडा होता. पाणी प्यावं वाटलं.”

सोमवारी पाचवीच्या पोराला त्यांनी व्हरांड्यात अडवलेलं मी ऐकलं. “सॉरी ऱ्हाऊ दे. काय केलंस ते सांग.”

दादा त्या थंडीत गेले. फाटकाचं कुलूप बाईंनी काढलं. मातीला मीही होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही मूठभर माती टाकली आणि हात झटकले.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते पुढच्या ईस्टरला. त्यानंतर निवृत्त होऊन त्या कल्पनाकडे निलंग्याला राहायला गेल्या आणि आता फोनवरच बोलणं होतं. त्या पहाटे मी त्यांना स्टँडवर सोडायला म्हणून दफनभूमीच्या फाटकाशी गाडी लावून थांबले होते. बाईंनी उजाडायच्या आतच फाटक उघडून ठेवलं होतं. लोक कुटुंबच्या कुटुंब घेऊन आत चालले होते. पिशवीतली एक मेणबत्ती त्यांनी दादांच्या कबरीवर लावली. वाऱ्यानं विझली. परत लावली, आणि ती धरेपर्यंत ओंजळ आडवी धरून बसून राहिल्या.

मंडळीतली एक बाई जवळ येऊन म्हणाली, “लई मोठं मन हो तुमचं, बाई.”

“मन कशाला मोठं लागतंय,” बाई म्हणाल्या. “काडीपेटी दे तुझी, माझी संपली.”

उठून त्यांनी फाटकाची किल्ली पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि उरलेल्या मेणबत्त्यांची पिशवी घेऊन माझ्या गाडीवर बसल्या. स्टँडवर निलंग्याची गाडी लागलेलीच होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तिथं गेल्यावर काय करता बाई? बोलता का सुहासशी?”

“आमच्यात मेलेल्याशी बोलत न्हाईत,” त्या म्हणाल्या. पिशवी मांडीवर नीट ठेवली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“आज तेवढं सांगणार हाय,” त्या म्हणाल्या, “मामानं किल्ली दिली म्हणून.”